बाल्कनीतली शेगडी

शारजातल्या अल मजाजच्या त्या घरात दोन संसार, दोन फ्रिज आणि एकच स्वयंपाकघर होतं. लगूनच्या बाजूची बेडरूम आमची, पार्किंगच्या बाजूची श्रीकांत काका आणि मेधा काकूची, हॉल सगळ्यांचा, आणि सकाळी बाथरूम ज्याला आधी जाग येईल त्याचं. काका-काकू पुण्याचे, आम्ही वसईचे. डॅडी एका हॉटेलात बँक्वेटचं बघायचे, काका दुबईतल्या एका शिपिंगच्या ऑफिसात होते. दोघांची गाठ कशी पडली ते मला कधीच नीट कळलं नाही. डॅडी सांगायचे, बसस्टॉपवर मागून मराठीत शिवी ऐकू आली म्हणून वळून पाहिलं, तर काका होते. काका सांगायचे, शिवी डॅडींची होती. एवढं मात्र खरं की पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून घर घेतलं आणि दोघांच्या बायकांनी एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं ते त्या घराच्या दारात, हातात पिशव्या घेऊन.

मला आठवतं तेव्हापासून त्या घराला सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि संध्याकाळी तीन प्रकारच्या प्रार्थना ऐकू यायच्या. आधी समोरच्या मशिदीतली अजान, मग काकूचा दिवा आणि श्लोक, मग आमची रोझरी. माझी धाकटी बहीण ॲना 'नमो मरिये' म्हणता म्हणता मध्येच काकूच्या श्लोकात घुसायची आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. मम्मी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती, सातलाच निघायची, त्यामुळे आमचा डबा काकू भरायची, वेण्याही तीच घालायची, आणि वेणी घालताना मान हलवली तर कंगवा डोक्यात हाणणारीही तीच. काकूला स्वतःचं मूल नव्हतं, हे वाक्य मी आज लिहिते आहे. तेव्हा ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही होतो की.

दिवाळीला काकू करंज्या करायची, नाताळला मम्मी. तोच ओटा, तेच कातणं, सारण तेवढं वेगळं. दोघी समोरासमोर बसून करंज्या भरायच्या आणि आपापल्या सासवांची उणीदुणी काढायच्या. वर्षातल्या या दोन दिवशी मम्मी स्वयंपाकघरात मनसोक्त पसरायची, कारण करंजीला वास नसतो. एरवी आमच्या किचनचा कायदा पक्का होता. डावीकडचे दोन बर्नर काकूचे, उजवीकडचे दोन आमचे. अंडं चालेल, पण आमच्या बर्नरवर आणि आमच्या तव्यात. मटण, चिकन, मासळी मात्र बाल्कनीत. तिथे एक इलेक्ट्रिक शेगडी, एक फळी आणि प्लास्टिकचं एक स्टूल होतं. काकू लसूण खायची, बटाट्याच्या भाजीत वाटी वाटी कांदा घालायची, पण मासळीचा वास आला की तिला खरोखरच मळमळायचं. त्यात नाटक काही नव्हतं. तिने नाक मुरडलेलं मी कधी पाहिलं नाही. ती नुसती उठून आपल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची.

आणि आमच्याकडे तर गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर सुके बोंबील यायचे. वसईहून कोणीही निघालं की आजी त्याच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा वर्तमानपत्र असं एक पुडकं कोंबायची. शेजारी सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं पाकीट. एअरपोर्टवर उतरलेला माणूस दारात आला की डॅडी आधी त्याला नाही, बॅगेला मिठी मारायचे. सुकेळी काकूलाही प्रिय, ती तिथल्या तिथे वाटली जायची. बोंबील थेट बाल्कनीत. सुट्टी तेव्हा शुक्रवारी असायची. चर्चमधली मिसा आटोपून आलो की मम्मी बाल्कनीचं दार मागून ओढून घ्यायची आणि काचेतून आम्हाला तिची नुसती पाठ दिसायची. तव्याचा आवाज दाराआडून बारीक ऐकू यायचा. मला तो आवाज फार आवडायचा. आता अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या माझ्या स्वयंपाकघरात चिमणी आहे, बटण दाबलं की सगळं वरच्यावर खेचून घेते, आणि माझी मुलगी तरी म्हणते, "ममा, द होल हाउस स्टिंक्स!" मी तिला म्हणते, अगं, या वासाची आमच्या घरात केस झाली होती. तिला वाटतं मी थापा मारते.

केसचं असं झालं. मी अकरावीत होते आणि आमच्या शाळेत मॉक कोर्ट नावाचं नवं खूळ आलं होतं. एकेका जोडीने एकेक गाजलेला खटला घ्यायचा, एकाने वादीच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने प्रतिवादीच्या. आमच्या मॅडम केरळच्या आणि भलत्याच धोरणी. त्यांनी सगळे खटले अमेरिकेचे निवडले. त्यांचं म्हणणं असं, की भारताचं काही काढलं तर अर्धा वर्ग भांडेल, पाकिस्तानचं काढलं तर उरलेला अर्धा भांडेल, इथलं तर काढायचंच नाही. अमेरिका लांब आहे, तिच्यावर आपण निवांत बोलू शकतो. मग चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला आला तो अटक झालेल्या माणसाला त्याचे हक्क आधी सांगायला लावणारा निकाल. कोणाला आला तुरुंगातल्या एका गरीब कैद्याचा, ज्याच्यामुळे ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारने वकील देणं भाग पडलं. माझ्या मैत्रिणीला गोऱ्या नवऱ्याची आणि काळ्या बायकोची केस आली, लग्न केलं म्हणून ज्यांना स्वतःच्या राज्यातून बाहेर काढलं होतं ती. ती चिठ्ठी मला हवी होती, कारण तिच्यात लव्ह स्टोरी होती. मला आली शाळांची.

त्या देशात कित्येक राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या. एका जुन्या निकालात कोर्टानेच म्हणून ठेवलं होतं, की वेगळं असायला हरकत नाही, फक्त सारखं असलं पाहिजे. पुढे पन्नासेक वर्षांनी काही आईबाप उठले. त्यातल्या एका बापाचं म्हणणं अगदी साधं होतं, की घराजवळ शाळा असताना माझ्या मुलीने लांबच्या शाळेत का जायचं? हे सगळे निकाल मी नंतर पुष्कळ वाचले, वकील झाले नाही तरी नाद लागला तो लागलाच. त्यांची गंमत मला अशी वाटते की कायद्यातले शब्द आधीपासून तिथेच असतात, समान, सर्वांना वगैरे. मग कोणीतरी एक साधा माणूस उठून विचारतो, अहो, हे मला धरून आहे की मला सोडून? आणि मोठमोठ्या न्यायाधीशांना बसून त्याचं उत्तर द्यावं लागतं.

माझी अडचण ही होती की मला बाजू आली शाळावाल्यांची, म्हणजे वेगळं ठेवणाऱ्यांची. पण कप मिळवायचा तर जी बाजू असेल ती मांडायची. त्यामुळे मी रोज संध्याकाळी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत घोकायचे. दोन्ही इमारती सारख्या, दोन्हीकडचे बाक सारखे, मास्तरांचा पगारही सारखा, मग माय लॉर्ड, नुसतं वेगळं असण्यात अन्याय तो कुठला? काकू सोफ्यावर मेथी निवडत ऐकायची आणि मध्ये मध्ये सांगायची, "हात कशाला हलवतेस एवढे? ट्रॅफिक पोलीस आहेस का?" भाषण तिलाही माझ्याइतकंच पाठ झालं होतं.

तो जून होता. शारजातला जून ज्याने पाहिला नाही त्याला समजावून सांगता येणार नाही आणि ज्याने पाहिलाय त्याला सांगायची गरज नाही. शुक्रवारची दुपार, मम्मी बाल्कनीत बोंबील तळत होती आणि मी हॉलमध्ये न्यायाधीशांना पटवत होते की वेगळं म्हणजे काही कमी नव्हे. बोलता बोलता काचेकडे नजर गेली. मम्मीची पाठ दिसत नव्हती. ती स्टुलावरून घसरून भिंतीला टेकली होती, डोळे मिटलेले, कपाळावरचे केस ओले चिकटलेले, आणि वर शेगडीवर तेल तसंच तापत होतं.

मी किंचाळले, पण माझ्या आधी काकू धावली. खोलीचं दार उघडून, नाकाला काही न लावता, ती थेट बाल्कनीत शिरली, शेगडीचा प्लग ओढला, मम्मीला काखेत धरून आत आणली, ए.सी. खाली झोपवली आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी चमच्याने पाजलं. मम्मीला बरं वाटल्यावर मग काकू बाथरूममध्ये जाऊन ओकली. हे दोन्ही मी एकाच दुपारी पाहिलं आणि दोन्ही खरं होतं. पण मी सोळा वर्षांची होते, मला एका वेळी एकच खरं झेपायचं. संध्याकाळी चहाच्या वेळी मी उभी राहिले आणि जाहीर केलं की मम्मीच्या वतीने मी केस लावते आहे.

डॅडींना तर हेच हवं होतं. त्यांनी ताटावर चमचा वाजवून बँक्वेटमधल्या आवाजात "ऑर्डर, ऑर्डर!" केलं. न्यायाधीश कोण, यावर थोडा वेळ गेला. काकांनी हात जोडून सांगितलं, "मला नको. घरात राहायचंय मला." पण क्रिकेट बघताना आपल्या टीमचा माणूस आउट आहे हे कबूल करणारा त्या घरात तो एकच माणूस होता, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच खुर्चीत बसवलं.

मी पहिला प्रश्न माझ्याच साक्षीदाराला विचारला. "मम्मी, तू बाल्कनीत स्वयंपाक का करतेस?"

"आमचं तसं ठरलंय गं, आलो तेव्हाच. कोणी बाहेर नाही काढलं मला," मम्मी म्हणाली. साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला फुटली.

"ऐकलंस?" काकू म्हणाली. "आणि तूच रोज घोकतेस ना, दोन्हीकडे सारखं असलं की वेगळं चालतं म्हणून? मग? शेगडी आहे, फळी आहे, लाइट मी स्वतः मागे लागून लावून घेतला. काय कमी आहे तिथे?"

"ए.सी., काकू."

"मग लावू. अहो, बाल्कनीत ए.सी. लागतो का हो?"

"लागेल की," डॅडी म्हणाले. "लगून तेवढीच गार होईल."

सगळे हसले. मीही हसले, आणि तिथेच खटला चहाबरोबर संपला असता. पण काकू जिंकत आली होती, तिला आणखी एक साक्ष घ्यायची हुक्की आली. तिच्या मांडीत ॲना बसली होती. तिच्या केसांतून हात फिरवत काकूने विचारलं, "सांग गं बाळा, तुला मम्मीचं बाल्कनीतलं जेवण आवडतं की नाही?"

"यस, आय लव्ह इट," ॲना म्हणाली, बिस्कीट चावत. "बट इट्स डर्टी फूड, ना काकू? दॅट्स व्हाय आउटसाइड. आय डोन्ट टेल एनीवन इन स्कूल."

आपण काय बोललो ते ॲनाला कळलं नाही, ती बिस्कीट चहात बुडवत राहिली. तिला हे कोणीही शिकवलेलं नव्हतं. काकूने तर नाहीच नाही. मम्मीने मान खाली घालून साडीवरचे नसलेले कण झटकायला सुरुवात केली. काकूचा हात ॲनाच्या केसांत होता तिथेच थांबला. पुढे मला वाचताना समजलं की त्या शाळांच्या खटल्यातही लहान मुलांचीच साक्ष कामी आली होती. त्यांच्यापुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून विचारलं होतं, छान कुठली? आणि कितीतरी काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट केलं होतं. ते वाचताना मला अमेरिका दिसली नाही, ॲनाचं बिस्कीट दिसलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मी आधी सांगून टाकतो," ते म्हणाले. "मला तो वास सहन होत नाही. आज नाही, उद्याही होणार नाही. पण तो माझा प्रॉब्लेम झाला. त्यासाठी सिसिलिया वहिनींनी उन्हात उभं राहायचं, हे काही बरोबर नाही. किचन सगळ्यांचं. खलास."

"कधीपासून?" मी विचारलं.

काकांनी काकूकडे पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं. "हळूहळू होईल," ते म्हणाले. "इन्शाल्ला."

आता हसू येतं. अमेरिकेच्या कोर्टानेही नेमकं हेच केलं होतं. सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की वेगळं ठेवणं हीच मुळात असमानता आहे, आणि मग वर्षभराने, हे अमलात कधी आणायचं ते सांगताना असे शब्द वापरले की ज्याला घाई करायची त्याने घाई करावी आणि ज्याला टाळायचं त्याने वर्षानुवर्षं टाळावं. एवढ्या थोर न्यायाधीशांना आखाती देशाचं वारं न लागताही इन्शाल्ला म्हणता येत होतं.

काकू उठली, सगळ्यांचे कप गोळा केले आणि सिंकपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "ठीक आहे. मग आपण दुसरी जागा बघू."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. राग आम्हाला ओळखीचा होता, तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकायचा नाही. हे ती अगदी शांतपणे म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून काका फोनवर एजंटांशी बोलू लागले. अजमानला एक वन बेडरूम आहे म्हणे, नवी बिल्डिंग आहे म्हणे. काकू आमचे डबे भरायची, वेण्या घालायची, पण कंगवा डोक्यात हाणायची बंद झाली. ॲनाच्या डब्यावरचं झाकण लावताना ती क्षणभर थांबायची, हे मी पाहायचे. मॉक कोर्टात मी शाळावाल्यांची बाजू इतकी जोरात मांडली की उत्कृष्ट वक्त्याचा कप मला मिळाला. तो घरी आणला तेव्हा काकूने माझ्या हातावर साखर ठेवली. "माझ्या बाजूने बोललीस म्हणून मिळाला," ती म्हणाली, पण हसली नाही.

आणि मम्मी? किचन सगळ्यांचं झालं तरी मम्मी पुढच्या शुक्रवारी तवा घेऊन पुन्हा बाल्कनीतच गेली. मला संताप आला. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिला म्हटलं, "एवढी केस जिंकून दिली, आणि तू परत तिथेच?"

"तू जिंकलीस गं," ती म्हणाली. "आत शिजवायला मिळालं तर मला आवडेल, नाही म्हणत नाही. उन्हात उभं राहायची मला काय हौस आहे? पण मेधा गेली तर त्या किचनमध्ये मी कोणाशी बोलू? तुझ्या वेळेला मी दोन महिने अंथरुणात होते, तुला पहिली अंघोळ तिने घातली. तुझ्या कोर्टाला हे माहीत होतं का?" लिफ्टचं दार उघडलं आणि ती पुढे निघून गेली.

मी त्या दिवशी फार रडले. खरंच काकू गेली तर, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्याच सुमारास मी वाचलं होतं की निकालानंतर कितीतरी गावांत गोऱ्या आईबापांनी आपली पोरं शाळेतून काढली आणि वेगळ्या शाळा उघडल्या. निकालाने दार उघडलं होतं, पण आत बसलेल्यांना बसवून ठेवणं कुठल्याच निकालाला जमण्यासारखं नव्हतं. तरीही तो निकाल चुकीचा होता असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. ॲनाने जे म्हटलं ते म्हटलंच होतं.

मग तो शुक्रवार आला. काका-काकू सकाळीच अजमानची जागा बघायला गेले होते. आम्ही मिसाहून आलो, डॅडी सोफ्यावर आडवे झाले, मम्मीने ओला नॅपकिन मानेवर टाकला आणि बोंबील घेऊन बाल्कनीत गेली. जरा वेळाने कुलूप वाजलं. काका घामाघूम होऊन पंख्याखाली बसले. "छान आहे जागा," ते डॅडींना म्हणाले. "मोठं किचन आहे. रिकामं." काकू हॉलच्या मध्ये उभी राहून काचेतून मम्मीच्या पाठीकडे बघत होती. पायात चपला तशाच होत्या, आणि काकूने घरात चपला घातलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. तशीच ती बाल्कनीत गेली आणि शेगडीचा प्लग काढला.

"सिसिलिया, तवा घे आणि आत ये."

"राहू दे मेधा, वास होईल घरभर."

"होऊ दे. मी काय कुठे जाणार आहे?"

मम्मी हातात उलथनं घेऊन तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग काकूनेच बोंबलांचं ताट उचललं, हात लांब करून, तोंड वळवून, आणि आत नेऊन ओट्यावर ठेवलं. डावीकडच्या बर्नरपाशी, आपल्या. डॅडी उठून बसले. काकांनी खोलीकडे जायला पाऊल उचललं, काकूकडे पाहिलं आणि परत बसले.

मम्मीने आत येऊन तवा त्याच बर्नरवर चढवला, पहिला बोंबील तेलात पडला आणि तो आवाज मी पहिल्यांदा मधलं काचेचं दार नसताना ऐकला. काकूने ओढणी नाकातोंडावर घट्ट गुंडाळली, स्टूल ओढलं आणि मम्मीच्या शेजारी मेथी निवडायला बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बंद करू का गं?" मम्मीने विचारलं. काकूने मान हलवली आणि हाताने खूण केली, तळ. थोड्या वेळाने ओढणीआडून तिचा आवाज आला. मम्मीच्या सासूने पाठवलेल्या बोंबलांत मीठच जास्त असतं का, असं ती विचारत होती, म्हणजे सासवांचा विषय निघाला होता.

आज काकू पुण्यात असते, मम्मी वसईत. रोज अकरा वाजता दोघींचा व्हिडिओ कॉल असतो, मम्मी चुलीशी आणि काकू ओट्याशी, फोन डब्याला टेकवून. काकूला तो वास अजूनही सहन होत नाही. फोनमधून येत नाही, एवढीच सोय, असं ती म्हणते.

त्या दुपारी ॲना वासाच्या मागोमाग धावत आली आणि किचनच्या दारात थबकली. आधी तिने तव्याकडे पाहिलं, मग काकूकडे, मग बाल्कनीतल्या रिकाम्या फळीकडे.

"काकू, इज इट नॉट डर्टी नाऊ?"

उत्तर द्यायचं म्हणून काकूने नाकावरची ओढणी खाली ओढली. "कधीच नव्हतं, बाळा," ती म्हणाली. आणि मग ती ओढणी तिने पुन्हा नाकाला लावली नाही.